पंधरा पायांची चिप

बाबांच्या पलंगाला मोटर लावायचं मी बोलून दाखवलं तेव्हा आत्या म्हणाली, "अगं, माणूस आहे तो, मिक्सर नाही." मी म्हटलं, मिक्सर असता तर बरं झालं असतं, मिक्सर मला दुरुस्त करता येतो. ती चिडली. मीही चिडलेलीच होते, त्या दिवसांत मी कायम चिडलेलीच असायची.

अर्धांगाच्या झटक्याने बाबांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं होतं. त्यांना उचलून पाठीला टेकण देऊन बसवायचं, थोड्या वेळाने पुन्हा निजवायचं, असं दिवसातून सात-आठ वेळा. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहायची. स्वयंपाक, औषधं, अंग पुसणं, सगळं ती करायची. पण तिच्या कमरेत दम नव्हता, आणि जवळ जाऊन मोठ्याने बोलल्याशिवाय तिला ऐकूही येत नव्हतं. उचलायची मी. सकाळी उचलून अलकापुरीला कामावर जायचं, दुपारी रिक्षाने घडियाळी पोळातल्या घरी परत यायचं, बाबांना बसवायचं, भरवायचं, निजवायचं आणि पुन्हा अलकापुरी. दोन वर्षं मी या दोन ठिकाणांच्या पलीकडे कुठे गेले नव्हते. लग्नकार्यांनासुद्धा नाही. कुणी "येत का नाहीस गं?" विचारलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

मी यूपीएस दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. मोबाइल तेव्हा नवे नवे निघाले होते, साहेबांच्या हातात एक असायचा, आणि तो कानाला लावूनच त्यांनी मला सांगितलं की पुण्याला शाखा काढतोय, दुरुस्तीचा विभाग तुम्ही सांभाळा, शनिवारपर्यंत कळवा. मला जायचं होतं. फार जायचं होतं. पलंग आपोआप वरखाली झाला तर आत्याला बाबांना उचलावं लागणार नव्हतं, आणि मी सुटणार होते. सरळ हिशेब होता.

पलंग तसा महिनाभरापूर्वीच तयार झाला होता. लोखंडी पलंगाची डोक्याकडची बाजू बिजागरीवर बसवून घेतली होती, खाली गाडी उचलतात तसला स्क्रू जॅक, त्याला गिअरची मोटर, आणि मोटर उलटसुलट फिरवायला पंधरा पायांची ड्रायव्हर चिप. बाबांच्या डाव्या हाताशी दोन बटणं, एक वर जायला आणि एक खाली यायला. पहिल्या दिवशी आत्याने मोटरला हळदकुंकू लावलं. तिसऱ्या खेपेला पलंग अर्ध्यावर अडकला. मी चिपला बोट लावलं आणि "आई गं!" करून ओरडले. ती चिप फार तापली की आपणहून बंद पडते आणि गार झाली की पुन्हा चालू होते. तोवर बाबा धड बसलेले नाहीत, धड निजलेले नाहीत. मान एका बाजूला कललेली, आणि डोळे माझ्याकडे.

मग सुरू झाले चिपचे लाड. लहरीपुऱ्यातला सुट्या भागांचा दुकानदार म्हणाला, "बेन, हीट सिंक मोटुं नाखो ने, थई जशे!" उष्णता ओढून घेणारी ती धातूची पट्टी, मोठ्यातली मोठी आणून लावली, काही थयुं नहीं. पेस्ट लावून पाहिली. चिप बदलली. शेवटी घरातला टेबल फॅन आणून तिच्या तोंडाशी ठेवला. भर मे महिन्यात आम्ही घामाने निथळतोय आणि फॅनचं वारं चिपला! आत्या म्हणाली, "जावयाची एवढी बडदास्त कुणी ठेवत नाही."

वजन जास्त होतंय असं मला वाटलं. म्हणून गुरुवारी बाबांना खुर्चीत बसवून पलंगावर वर्षाच्या गव्हाची पोती रचली, बाबांच्या वजनाइतकी. बटण दाबलं. वर गेला, खाली आला. दहा वेळा केलं, चिप कोमट. पोती काढून बाबांना निजवलं, चार खेपांत चिप इस्त्रीसारखी. मी कपाळाला हात लावला. वजन तेच, पलंग तोच, मोटर तीच. बाबांमध्ये असं काय होतं जे गव्हात नव्हतं? मी चक्क त्यांच्यावर ओरडले, "तुम्हीच काहीतरी करताय!" त्यांनी डोळे मिटून घेतले. आत्यालासुद्धा ते ऐकू गेलं; ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि परत गेली. मला स्वतःची लाज वाटली, पण तेव्हाही मनात शनिवारच होता.

शुक्रवारी दुपारी वीज कमी दाबाने येत होती आणि टेबल फॅन जेमतेम फिरत होता. त्यामुळे मला मोटर नीट ऐकू आली. पलंग वर पोचला, थांबला, आणि मोटर घुंऽऽ करत तशीच राहिली. एरवी मी करंटचा मीटर बघत असायची ती पलंग वर चढत असताना. वर पोचता पोचता मीटर टाकून बाबांची मान सरळ करायला धावायची. आज मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. पलंगाला पुढे जायला जागा नव्हती, आणि बाबांचा अंगठा बटणावर घट्ट दाबलेला. अडकलेली मोटर भरमसाट करंट ओढत होती आणि तो सगळा चिपच्या माथी. गव्हाच्या वेळी बटण मी दाबलं होतं, आणि वर पोचल्यावर मी हात काढला होता.

"बाबा, सोडत का नाही?"

ते बराच वेळ शब्द जुळवत राहिले. मग म्हणाले, "उत्तर... नाही आलं."

बाबा छोट्या छोट्या स्टेशनांवर स्टेशन मास्तर होते. पुढे गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनला घंटी द्यायची, बटण दाबून धरायचं, आणि तिकडून उत्तर येऊन काटा हलेपर्यंत अंगठा उचलायचा नाही. छत्तीस वर्षं हेच केलेलं. मी हाताने उचलायची तेव्हा दरवेळी "झालं, बाबा" म्हणायची. मोटर आल्यापासून मी काही म्हणतच नव्हते. माझं बोट चिपवर आणि लक्ष मीटरवर. ते आपले उत्तराची वाट बघत बसायचे.

मला हसू आलं, आणि मग इतकं वाईट वाटलं की मी तिथेच पलंगाखाली डोकं घालून स्क्रू आवळायचं नाटक केलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही टोकांना छोटे स्विच बसवले. पलंग टोकाला पोचला की मोटर बंद आणि दाराची जुनी बेल टिंग करणार. बाबांनी दाबलं. टिंग. अंगठा उचलला. पुन्हा दाबलं, टिंग, अंगठा उचलला. फॅन काढून टाकला तरी चिप कोमट. आत्याने एकटीने त्यांना बसवून चहा पाजला आणि मला म्हणाली, "जा बाई आता. सुटलीस."

ती देवळात गेली तेव्हा मी बाबांजवळ बसले. पुण्याचं सांगितलं. वर्षभर तिकडे, मग बघू. आत्या आहे, पलंग आहे, महिन्यातून एकदा मी येईनच. सगळं एका दमात सांगितलं, तयारी करून आल्यासारखं.

मला वाटलं, त्यांना कळलं नाही. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"हाक... कुणाला?"

मी म्हणाले, आत्याला. पण आत्याला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि डाव्याने नावापुरतं, हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. घंटीचा एक मोठा भोंगा करता आला असता. मी तसं म्हणालेही, "मोठी बेल लावते, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल." ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मला कळलं की ते भोंग्याबद्दल विचारत नव्हते, उत्तर द्यायला कोण असेल ते विचारत होते.

शनिवारी सकाळी मी कोपऱ्यावरच्या बूथमधून साहेबांना फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवला आणि बूथचं काचेचं दार जोरात ढकलून बाहेर आले. मला बाबांचा भयंकर राग आला होता. आजही सांगते, आला होता.

घरी आले तर आत्या दारातच उभी. "काय गं, कळवलंस ना त्यांना? कधी निघायचंय?"

आत बाबा जागे होते, ऐकत होते.

"नाही जमणार," मी म्हणाले. "चिप अजून तापतेय."