निळ्या दोऱ्याची पिल्लं

लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत, खिडकीकडे तोंड करून बसलेली बाई गेली अनेक वर्षं लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवते. तिला सगळे रफूबाई म्हणतात. कोटाच्याच आतल्या शिवणीतून दोरा काढायचा आणि त्याच कोटाचं भोक विणायचं, ही तिची पद्धत. बाहेरचा दोरा ती लावत नाही. रंग कितीही जुळला तरी चार धुण्यांत वेगळा पडतो, असं तिचं म्हणणं.

कोंबड्यांच्या बाबतीतही तिने हेच केलं.

या कोंबड्या तिच्या आईच्या. राखाडी, अंगाने लहान, पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं; म्हणून त्यांना पायमोजी म्हणत. एके काळी गावात घरोघरी त्याच होत्या. मग सरकारी केंद्रातून पांढऱ्या कोंबड्या आल्या. त्या जवळजवळ रोज अंडं देतात, पण अंड्यांवर बसत नाहीत. पिल्लं हवी तर पुन्हा केंद्रात जायचं. पायमोजी अंडी कमी देते, पण एकदा खुडूक झाली की खाणंपिणं विसरून अंडी उबवते. घारीची सावली पडली तर तिच्या एका आवाजावर सगळी पिल्लं पंखाखाली. लोकांनी अंडी मोजली आणि पायमोजी सोडली. उरल्या त्या आईच्या अंगणात.

आई गेल्यावर दोघी बहिणींनी एकेक कोंबडा आणि थोड्या थोड्या कोंबड्या वाटून घेतल्या. धाकटी लग्न होऊन खाडीपलीकडे राहत होती. ती कोंबड्यांच्या पाट्या उचलून निघाली तेव्हा रफूबाई दारात उभी राहून म्हणाली, "ने, पण तुझ्या हाताला गुण नाही. वर्षभरात संपवशील." त्यानंतर येणंजाणं थांबलं. लग्नकार्यात समोरासमोर आल्या तरी दोघी मधल्या कुणाला तरी सांगत, "तिला म्हणावं, जेवून घे."

रफूबाईने आपला वाटा तिजोरीसारखा राखला. परका कोंबडा अंगणात येऊ नये म्हणून कुंपणावर जाळी घातली. दर पिढीतला सगळ्यात देखणा कोंबडा ठेवायचा, बाकीचे कापायचे. अंडी विकायची, पण कुणी ती उबवून पिल्लं काढू नयेत म्हणून प्रत्येक अंडं आधी कढत पाण्यात बुडवून काढायची. लाँड्रीवाला तिच्या अंड्यांचं जुनं गिऱ्हाईक. तो विचारायचा, "रफूबाई, तुमच्या कोंबड्या अंडी उकडूनच घालतात का हो? कडेचं पांढरं शिजलेलं असतं!"

"तुमच्या दुकानाची वाफ लागते त्यांना," ती म्हणायची.

गेल्या वर्षी अंडी फुटेनाशी झाली. न्हाणीघराचं दार लावून ती एकेक अंडं टॉर्चवर धरी. फळलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. इथे नुसता पिवळा उजेड. कोंबडी बिचारी निमूट बसून राहिली. दुसऱ्या वेळी एकच पिल्लू निघालं, तेही वाकड्या चोचीचं. दोन दिवसांत गेलं.

लस टोचायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कोंबडा उचलून पाहिला. "हा कुणाचा?"

"घरचाच. याचा बापही घरचा, आजाही घरचा."

"म्हणजे आई, बहीण, मावशी, सगळ्यांशी याचाच संसार. रक्त फार जवळ आलंय, मावशी. याच जातीचा, पण दुसऱ्या घरचा कोंबडा आणा. गावात कुणाकडे दिल्यात का कधी?"

गावात कुणाकडेच नव्हत्या. तेवढी काळजी तिने घेतलीच होती.

"मग कुठेच नाहीत?"

"एका ठिकाणी असतील," रफूबाई म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. तो लवकर ओवला गेला नाही.

रविवारी ती बसने खाडीपलीकडे गेली. धाकटीच्या गल्लीत शिरताच तिला राखाडी कोंबडी दिसली. मग सायकलच्या दुकानापुढे दुसरी. मग शाळेच्या भिंतीवर कोंबडा, पायात पिसं. धाकटीचं घर येईपर्यंत तिने मोजणं सोडून दिलं होतं.

धाकटी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं. "कोण गेलं?"

"कुणी नाही. सगळे बरे आहेत."

"मग तू कशी आलीस?"

रफूबाईने सांगितलं. धाकटी खडे वेचत ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी कधीच दडवल्या नाहीत. ज्याने मागितली त्याला पिल्लं दिली. दर वर्षी कोंबडा बदलते. सायकलवाल्याचा माझ्याकडे, माझा त्याच्याकडे. संपल्या असत्या तर तू खरी ठरली असतीस ना."

"चिडून पाळल्यास?"

"आधी चिडून. पुढे सवय झाली."

तिने आत जाऊन भुशाने भरलेला डबा आणला. त्यात अंडी होती. रफूबाईने एक हातात घेतलं. कोमट होतं.

"घाबरू नकोस, ताई, उकडलेली नाहीत," धाकटी म्हणाली. कढत पाण्याची बातमी खाडीपलीकडे केव्हाच पोचली होती. दोघी हसल्या, आईसारख्या, आवाज न करता. मग धाकटी पुन्हा सुपाकडे वळली. "अर्धेलीने देतेय. निघतील त्यातली अर्धी माझी. मी येऊन नेईन."

चहा झाला. शेवटची बस होती. राहा, असं धाकटी म्हणाली नाही. राहू का, असं हिने विचारलं नाही.

खुडूक कोंबडी तीन आठवडे बसली. एक अंडं सोडून सगळी फुटली. ओली पिल्लं वाळली तेव्हा पायांवर लव दिसली. रफूबाईने घरच्या शिवणाच्या रिळातला निळा दोरा तोडला आणि अर्ध्या पिल्लांच्या पायांत सैलसर बांधला. ती धाकटीची.

आता ती अंडी पाण्यात बुडवत नाही. लाँड्रीवाल्याने दोन उबवायला नेली आहेत. तिच्या अंगणातली पिल्लं मोठी झाली. निळ्या दोऱ्याचा एक कोंबडा पहाटे आरवायला लागला. तो विकायचा का, असं शेजारणीने विचारलं.

"माझा नाही तो. बहिणीचा आहे. ती येणार आहे न्यायला."

"अहो, बस आहे की. तुम्हीच नेऊन द्या."

ती नेऊन देत नाही. दिले की वाटणी संपली, मग धाकटीला यायचं काही कारण राहणार नाही. रविवारी बस यायच्या वेळेला ती ओट्यावर कोंबडे मांडीत घेऊन बसते. पाय जाड होतात तसा दोरा काचतो. तो पिसांतून शोधून कापायचा आणि जरा सैल करून नवा बांधायचा. आतापर्यंत तिने तो अनेकदा बदलला आहे.