घंटा वाजेपर्यंत

माझी थोरली बहीण बालवर्गाची बाई. गावात तिला अस्वलबाई म्हणतात, आणि ताईला त्याचा राग येत नाही, उलट तिची मान ताठ होते. शाळेच्या मागे जंगल आहे, त्यात अस्वलं आहेत. ताईचं म्हणणं, भिंतीवरच्या चित्रात मुलं अस्वल ओळखतील हो, पण खरं अस्वल काय समोर उभं राहून ‘ओळखा पाहू’ म्हणणार आहे?

म्हणून तिनं खेळ काढला. मुलांनी डोळे मिटून सतरंजीवर बसायचं. ताई जुनं ब्लँकेट पांघरून मागच्या उघड्या दारातून आत यायची. पावलं हलकी, थबकत आली तर काळं अस्वल: उठायचं, हात वर करायचे, डबे वाजवून आरडाओरडा करायचा. पावलं जड आली तर तपकिरी, आणि ते अंगावर येतंय असं धरून पालथं पडायचं, हात मानेवर, हूं की चूं नाही. टेबलावरची घंटा वाजली की अस्वल गेलं. पांढरं अस्वल बर्फात राहतं, त्याचं आपल्याकडे काही काम नाही, म्हणून त्याच्यासाठी ती खुर्चीत बसूनच गुरगुरायची. नुसत्या पावलांवरून रंग कळतो, हे अस्वलांना तरी ठाऊक होतं की नाही देव जाणे.

माझी लेक त्याच वर्गात. एक नंबरची चोरटी, खेळात हटकून डोळे किलकिले करून बघायची. “ही माझं ऐकेल तर शपथ,” ताई म्हणायची.

त्या दिवशी ताई व्हरांड्यात ब्लँकेट पांघरत होती आणि वर्गातून पावलं ऐकू आली. जड. तिनं खिडकीतून पाहिलं. सगळी मुलं शहाण्यासारखी पालथी पडली होती आणि त्यांच्यामधून एक तपकिरी अस्वल एकेकाचे केस हुंगत चाललं होतं. ओरडावं तर मुलं उठून पळणार. आत जावं तर अस्वल बिथरणार.

माझ्या लेकीचे डोळे उघडे होते. ती खिडकीकडेच बघत होती, आणि तिचे ओठ हलायला लागले होते. तिला कळलं होतं, की बाई बाहेर आहेत. मग आत कोण आहे?

ताईनं बोट ओठांवर ठेवलं आणि हळूच स्वतःचे डोळे मिटले. ते पाहून लेकीनंही मिटावेत म्हणून. पण मिटल्यावर पुन्हा उघडायची ताईची हिंमत होईना. पोरगी बघत असली तर? काचेपलीकडे हुंगण्याचा आवाज येत राहिला. मग एका जागी थांबला. मग कसलाच आवाज येईना.

तिनं डोळे उघडले तेव्हा अस्वल नव्हतं. मुलं तशीच पडलेली. कोणाचा श्वास चालू आहे, तिला काही कळेना. ती आत शिरली, पण एकेका पोराकडे वाकून बघत, त्यामुळे पावलं हलकी, थबकत पडत होती. आणि अख्खा वर्ग हात वर करून उठला, डबे बडवत ओरडायला लागला. काळं अस्वल!

माझी लेक तेवढी उठली नाही. ताई तिच्यापाशी मटकन बसली. पोरीच्या मानेवरचे हात लाळेनं ओले होते.

“ऊठ गं बाळा,” ताई म्हणाली.

“घंटा कुठे वाजली?” सतरंजीतूनच उत्तर आलं.

ताई अजून शिकवते, पण मागचं दार लावून, आणि चित्रं दाखवून. ती घंटा तिनं आम्हाला देऊन टाकली. लेक आता पालथी झोपते, हात मानेवर. सकाळी हाका मारा, हलवा, काही उपयोग नाही. ती जागी असते, मला कळतं. मी घंटा वाजवते, मगच ती डोळे उघडते, आणि आधी खिडकीकडे बघते.