नवा चेंडू सलीमभाईंनाच का

मंडळी, आजचीही शुक्रवारची मॅच आम्ही वाइड बॉलमध्येच घालवली.

आमचे ओपनिंग बोलर सलीमभाई. त्यांची पहिली ओव्हर संपता संपेना. अंपायरचे हात काही खाली येईनात. मी विकेटकीपर, वाळूत नुसता लोळतोय.

शेवटी कॅप्टनला म्हटलं, "अरे, बोलर बदल ना."

तो म्हणाला, "मग घरी, अबू हलीफाला, चालत जाशील?"

टीममध्ये गाडी आणि लायसन्स एकट्या सलीमभाईंकडे. दोन फेऱ्या मारून सगळ्यांना तेच आणतात, तेच सोडतात.

परतताना त्यांनी आरशातून मला विचारलं, "आज स्विंग जरा जास्तच होत होता, नाही?"

"हो ना, वारा होता," मी म्हटलं. वारा अजिबात नव्हता.

घर अजून लांब असताना तुम्ही काय म्हणाला असता?