आमच्या दणदणीत आवाजाच्या ग्रंथपाल बाई

आमच्या शाळेच्या ग्रंथपाल बाईंइतका दणदणीत आवाज उभ्या नेवासा तालुक्यात दुसऱ्या कुणाचा असेल, हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. ‘शांतता राखा’ ही पाटी त्यांच्या डोक्यावरच टांगलेली होती, पण ती बाकीच्यांसाठी. बाई कुजबुजल्या तरी मैदानावरची कबड्डी थांबायची. असा गळा देवाने नेमका ग्रंथालयात आणून का बसवला, हे कोडं साऱ्या शाळेला पडलं होतं. मला ते लवकर सुटलं. छापलेली ओळ मला नुसत्या काळ्या पट्ट्यासारखी दिसते, चष्म्यानेही फरक पडत नाही. म्हणून आठवीनंतर माझी शाळा बंद करायचं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवून टाकलं होतं. “दिसतच न्हाई, तर पोरीला कशापायी हेलपाटे?” हे कळताच बाई तडक आमच्या ओट्यावर हजर. “ऐकू येतंय ना तिला? मग झालं! पुस्तकं मी वाचते.” अण्णांनी नाइलाजाने नववीपुरती कबुली दिली.

बाईंनी सगळी पुस्तकं वाचून मोबाईलमध्ये रेकॉर्ड करायला घेतली, तीही घरी, स्वयंपाक करता करता. त्यामुळे माझ्या विज्ञानात कुकरच्या शिट्ट्या आहेत आणि इतिहासाला लसणाची फोडणी. एकदा बोललेलं पुसायचं नाही, हा त्यांचा बाणा, त्यामुळे “थांब गं, दोन पानं चिकटली” हेही धड्यातच. शिवाय लेखकाशी भांडण. भूगोलात प्रवरेला एकच ओळ दिलेली पाहून त्या भडकल्या आणि पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी चांगला अर्धा तास प्रवरा सांगितली: भंडारदऱ्याचं पाणी, पूर, घाट आणि माहेरची काठावरची वांगी. असं जवळपास प्रत्येक धड्याला. पुस्तक कुठे संपलं आणि बाई कुठे सुरू झाल्या, हे मला कसं कळावं? सहामाहीत माझी उत्तरं लिहून देणाऱ्या मुलीला मी वांग्यांसकट सगळं सांगितलं, तिने ते इमानाने उतरवलं, आणि मी भूगोलात नापास झाले. “बघा, आता पुरं,” अण्णा म्हणाले. “भाऊ, पोरीचं काही चुकलेलं नाही, माझंच चुकलं,” बाई म्हणाल्या. “वार्षिक होईस्तोवर थांबा.”

तेव्हापासून स्वतःचं मत मांडण्याआधी आणि नंतर बाई स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवू लागल्या. मधलं पेपरात लिहायचं नाही, असा नियम. टण्ण! “हा राजा मला मुळीच आवडलेला नाही, पण तू पाठ कर.” टण्ण! खरं सांगते, अख्खा धडा मी त्या मधल्या बोलण्यासाठीच ऐकायचे.

अशी नववी निघाली, मग दहावीही. आमची शाळा दहावीपर्यंतच, म्हणजे बाईंचं काम संपलं होतं. निकालानंतर अण्णा मला घेऊन ग्रंथालयात गेले. टोपी काढून त्यांनी पिशवीतली पुस्तकं टेबलावर ठेवली. कोणती, हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं.

“बाई, अकरावीची हायेत. एवढी वाचून देताल का?”

अण्णांनी कुणाकडे काही मागितल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं.