उन्हाळी प्रोजेक्ट आणि शमीमचे अब्बा

आमच्या वर्गातल्या चार जणी जमल्या की गाडी शेवटी फिजिक्सच्या लॅबवरच येते. चहा गार होतो, किस्से काही संपत नाहीत! आता हसतो, तेव्हा मात्र जीव टांगणीला लागलेला होता.

पंच्याऐंशी साल असेल. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत मे-जूनमध्ये एस.वाय.च्या मुलांना प्रोजेक्ट मिळणार, असं आमच्या फिजिक्सच्या लिमये सरांनी सांगितलं. मागून प्रश्न आला, "सर, मे महिन्यात? मग आंबे कोण काढणार?"

सर भडकले. "पडतील आपोआप!"

"पडलेला आंबा पेटीत कोण घेतो, सर?"

अख्ख्या वर्गातून अर्ज आले दोनच. माझा आणि शमीमचा.

शमीम वर्गात पहिली. तिचे अब्बा मिरकरवाड्याच्या बंदरावर मच्छीमार बोटींना बर्फ पुरवायचे. ही संधी हुकली तर घरात एम.एस्सी.चं नावही काढायची सोय नव्हती. पण अब्बा तिला मुंबईला पाठवायला तयार नव्हते, म्हणून सर स्वतः त्यांना समजवायला गेले, सोबत मी.

"अतिथंड तापमानावरचं काम आहे," सर म्हणाले.

"म्हंजे बर्फाचंच ना? त्याकरता मुंबय कशाला? बर्फ हयच मिळतो की!"

सर बराच वेळ समजावत राहिले. शमीम आत गेली ती बाहेर आलीच नाही. शेवटी अब्बा म्हणाले, "मुलाखतीला मी घेऊन जातो. जागा बघतो, मग सांगतो."

मुंबईला मुलाखतीत मला पहिलाच प्रश्न, "सुट्टीत संशोधन का करायचंय?"

तोंडातून खरं तेच निघालं, "आमच्या आंब्याच्या बागेतल्या कामातून सुटका, सर!"

सगळे पोट धरून हसले. माझा पत्ता तिथेच कटला.

शमीम आत गेली, तेव्हा बाहेर अब्बा येरझाऱ्या घालत होते. ती निवडली गेली. पण अब्बांचा चेहरा तसाच. "आधी काम दाखवा."

मुलाखत घेणारे प्रोफेसर आम्हाला लॅबमध्ये घेऊन गेले. एका भांड्यातून पांढरी वाफ येत होती. "या हेलियमचं तापमान वजा दोनशे एकोणसत्तर अंश," ते म्हणाले.

अब्बा वाकून बघत राहिले. शमीमनं माझा हात असा आवळला की बांगडी फुटली.

"साहेब," अब्बांनी विचारलं, "यात मासळी किती दिवस टिकल?"

प्रोफेसरांनी डोकं खाजवलं. "आम्ही कधी ठेवून पाहिली नाही."

अब्बा शमीमकडे वळले.

"ऐकलंस? यांना ठावक नाय. तू ऱ्हा हयच, शोधून काढ!"