सत्तेचाळीस नंबरचं माप

गेली सव्वीस वर्षं मी उशीर करतो आहे, आणि त्यातला निम्मा उशीर मी केलेलाच नाही.

मी कवळ्या तयार करतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडात गुलाबी लगदा दाबून हिरड्यांचं माप घेतात आणि ते डबीत घालून माझ्याकडे पाठवतात. मी त्यात प्लास्टर ओतून त्या माणसाचा जबडा बनवतो, त्यावर मेणात दात मांडतो, मग कवळी घडवतो, घासतो, चकाकी आणतो आणि परत पाठवतो. पेशंट मला पाहत नाही, मी पेशंटला पाहत नाही. त्याला एवढंच माहीत असतं, की कुठंतरी एक लॅबवाला आहे आणि तो नालायक आहे.

कारण डॉक्टर सहलीला गेले, तरी लॅबवाल्यानं पाठवलं नाही. डॉक्टर डबी गाडीत विसरले, तरी लॅबवाल्यानं पाठवलं नाही. एकदा मी स्वतः तयार कवळी घेऊन एका दवाखान्यात बाहेर बसलो होतो आणि आत डॉक्टर एका आजोबांना सांगत होते, "काय करणार, लॅबवाला ऐकतच नाही." मी कवळी हळूच पिशवीत सरकवली, बाहेर आलेल्या आजोबांबरोबर लॅबवाल्याला दोन शिव्या घातल्या आणि घरी आलो. डॉक्टरांचा शब्द खोटा पडू नये म्हणून. इतका मी सज्जन. पुढचे दोन दिवस ती कवळी टेबलावरून माझ्याकडे बघून हसत होती.

आता एवढ्या लोकांची खापरं ज्याच्या डोक्यावर फुटतात, त्यानं स्वतःच्या दोन-चार थापा मारल्या तर काय बिघडलं, असं माझं प्रामाणिक मत होतं. माझी आवडती थाप होती, "पॉलिशला घेतलंय." पॉलिश हे सगळ्यात शेवटचं काम. डॉक्टरांचा फोन आला की मी फोन कानाला लावून दुसऱ्या हातानं पॉलिशची मोटर चालू करायचो, त्यांना घरघर ऐकू जावी म्हणून. मोटरवर काहीच नसायचं. कधी कधी त्यांची डबी मी उघडलेलीसुद्धा नसायची. पण थाप मारायची तर मेहनत घेऊन मारावी, या मताचा मी आहे.

दुसरी थाप जरा वरच्या दर्जाची. माझ्या हातून काम बिघडलं तरच ती बाहेर काढायची: "माप नीट आलेलं नाही, परत घ्या." माप डॉक्टरांनीच घेतलेलं असतं, त्यामुळं ते वाद घालत नाहीत. जरा चपापतात आणि "बरं, घेतो" म्हणतात. एकदा एका डॉक्टरांनी माझी माफीसुद्धा मागितली, आणि मी मोठ्या मनानं त्यांना माफ केलं.

सत्तेचाळीस नंबरच्या बाबतीत हेच झालं. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर पेशंटचं नाव नसतं. नंबर, दातांचा रंग आणि तारीख, संपलं. ही डबी आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या डॉक्टरांकडून आली होती. चाळीस वर्षांचा अनुभव, माप इतकं स्वच्छ की बघत बसावं. मी प्लास्टर ओतलं, जबडा सुटा करून टेबलावर ठेवला. तेवढ्यात दुसऱ्याच डॉक्टरांचा फोन. मी "पॉलिशला घेतलंय" म्हणत मोटरकडे हात लांबवला आणि माझ्या कोपरानं सत्तेचाळीस नंबर खाली गेला. तीन मोठे तुकडे आणि बराचसा चुरा. तुकडे मी बिस्किटांच्या डब्यात टाकले आणि जुन्या डॉक्टरांना फोन केला. "माप नीट आलेलं नाही, डॉक्टर."

दुसरं माप आलं तेव्हा मी जेवायला बसलो होतो. हा लगदा ओला असतानाच प्लास्टर ओतावं लागतं, नाहीतर तो आखडतो. मी जेवलो, मग जरा पडलो. उठून बघतो तर सत्तेचाळीस नंबरचा जबडा एखाद्या लहान मुलाचा असावा इतका झालेला. मी परत फोन केला. या वेळी डॉक्टरांनी नंबर परत विचारून घेतला. मग म्हणाले, "असं का?" आणि फोन ठेवला. मला वाटलं, चला, सुटलो.

याच सुमाराला आमच्या सासूबाईंचे दात काढले होते. सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात. जन्मभर शाळेत बाई होत्या, निवृत्त होऊनही बाईच आहेत. बायको म्हणाली होती, "आई, यांच्याकडंच करून घे ना कवळी." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "जावयाच्या हातात माझा जबडा? काहीतरीच तुझं." कुठल्या डॉक्टरकडे जातात ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण घरच्या गिऱ्हाइकाला थापा मारणं फार अवघड असतं.

त्यांना दातांची घाई होती. चाळीस वर्षांपूर्वीचा त्यांचा एक वर्ग शाळेच्या हॉलमध्ये एकत्र जमणार होता आणि त्या मुलांची, म्हणजे आता आजोबा-आजी झालेल्या मुलांची, एकच मागणी होती: बाईंनी पूर्वीसारखी हजेरी घ्यावी. शाळेनं रद्दीत काढलेली ती हजेरीची वही सासूबाईंनी तेव्हाच घरी आणून ठेवली होती. पण दातांशिवाय नावं तोंडातून धड निघेनात. दात झाले नाहीत म्हणून मुलांनी कार्यक्रम एक महिना पुढं ढकलला होता. आता पंधरा दिवस उरले होते.

रविवारी सासूबाई आमच्याकडे जेवायला आल्या. तोंडावर रुमाल धरूनच बसल्या आणि म्हणाल्या, "शाळेत कळवून टाका. मी येणार नाही."

"का गं?" बायकोनं विचारलं.

"माझं तोंडच सरळ नाही. डॉक्टर म्हणाले. दोनदा माप घेतलं, दोनदा लॅबवाल्यानं परत पाठवलं. खालचा जबडा वाकडा आहे म्हणे, त्यावर काही बसायचं नाही." मग त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "चाळीस वर्षं वाकड्या तोंडानं शिकवलं मी. मुलं मागच्या बाकांवर कशाला हसायची, ते आता कळलं."

बायकोनं त्यांच्या पिशवीतून दवाखान्याचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. वर जुन्या डॉक्टरांचा शिक्का, खाली ठळक आकड्यांत सत्तेचाळीस. जन्मभर दात करणाऱ्या माणसाची दातखीळ बसली.

पण मी काही कच्चा खेळाडू नव्हे. पाणी प्यायलो तेवढ्या वेळात बेत तयार झाला. सासूबाईंचं तिसरं माप घ्यायला लावायचं, जीव ओतून कवळी करायची आणि गप्प बसायचं. कुणाला काही कळणार नव्हतं. मी साळसूदपणे म्हणालो, "आई, अजून एकदा माप घेऊन बघा. कधी कधी त्यात लॅबवाल्याचीही चूक असते."

"मन राखायला बोलताय, कळतं मला," सासूबाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा लॅबवाला कसा चुकेल? आणि तो लगदा मी परत तोंडात घेणार नाही. जीव गुदमरतो, ओकारी येते, आणि वर आपलंच तोंड वाईट हे ऐकून घ्यायचं. पुरे झालं."

आयुष्यात पहिल्यांदा कामाबद्दल थोडंसं खरं बोललो होतो आणि तेच खोटं ठरलं. माझा बेत तिथंच संपला. आता सासूबाईंना शाळेत पाठवायचं तर एकच उपाय होता, आणि तो मला अजिबात आवडला नाही.

सोमवारी सकाळी मी बिस्किटांचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांना वाटलं बिस्किटं आणली. मी झाकण काढलं आणि तुकडे टेबलावर मांडले.

"हे काय?"

"तुमचा जबडा. माप चांगलं होतं, आई. हा माझ्या हातून पडला. दुसरं माप मी जेवून झोपलो म्हणून बिघडलं. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. तो लॅबवाला मीच."

सासूबाईंनी चष्मा लावला. तिन्ही तुकडे हळूहळू एकमेकांना लावले, मधल्या फटीवरून बोट फिरवलं. मी ओरडा खायला मान खाली घालून तयार होतो.

"म्हणजे माझं तोंड सरळ आहे?" त्यांनी विचारलं.

"एकदम सरळ. इतका दोन्हीकडून सारखा जबडा मी फार कमी पाहिला."

"हेही खोटंच का आता?"

मी खिशातून पट्टी काढून दोन्ही बाजू मोजून दाखवल्या. त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः परत मोजल्या. मग पट्टी मला परत दिली.

"वर्गात एकानं दुसऱ्याच्या नावाला 'हजर' म्हटलं, तर पाठमोरी असूनही मला कळायचं," त्या म्हणाल्या. "तुमचं कळलं नाही. घरात मी तसे कान लावून बसत नाही ना."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. सव्वीस वर्षांत एवढी कधी वाटली नव्हती, आणि वाटायला हवी होती अशा संधी मी कमी दिल्या नव्हत्या.

"डॉक्टरांना सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग आधी तिकडं जा."

मी गेलो. जुने डॉक्टर दोन पेशंटच्या मध्ये रिकाम्या खुर्चीशेजारी उभे होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही हात समोर धरले, बोटं पसरली आणि बघत राहिले.

"म्हणजे हात ठीक आहे माझा?" त्यांनी विचारलं. "मी पुढच्या महिन्यापासून मापं घेणं सोडणार होतो. म्हटलं, वय झालं. या वर्षात पाच मापं परत आली तुमच्याकडून."

हे मला ठाऊकच नव्हतं. मी फोन ठेवला की माझ्यासाठी विषय संपायचा. त्यांच्याकडे तो तिथून सुरू होत होता.

"पाचही तुम्हीच बिघडवलीत?"

"चार," मी म्हणालो. "एक तुमचंच खराब होतं."

याचा त्यांना भलताच आनंद झाला. "एखादं कुणाचंही होतं," ते म्हणाले. मग खुर्चीवर टेकले आणि स्वतःच वरमले. "बाईंना मी तोंड वाकडं आहे म्हणालो. माझा हात गेला, असं म्हणवेना हो मला." आम्ही दोघंही सारखेच शहाणे. दुपारी ते स्वतः सासूबाईंच्या घरी जाऊन तसं सांगून आले आणि दुसऱ्या दिवशी तिसरं माप घेतलं गेलं.

ते माप मी हातात धरून आणलं. त्या आठवड्यात दुसऱ्या एका डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "तुमचं अजून सुरू केलेलं नाही." त्यांनी घाबरून विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

कार्यक्रमाच्या दिवशी मी हॉलच्या दाराशी उभा राहिलो, खिशात घासायचा कागद घेऊन. कवळी कुठं टोचली तर असावा. खुर्च्यांना हजेरीच्या वहीतले नंबर लावले होते. सासूबाई वही उघडून एकेक नाव घेत होत्या, स्वच्छ, खणखणीत, आणि टक्कल पडलेली, केस पिकलेली माणसं उठून "हजर" म्हणत होती. एकोणिसाव्या नावाला मागून कुणीतरी बारीक आवाजात "हजर" म्हणालं. सासूबाईंनी मान वर केली नाही. "तो आलेला नाही. तू तुझ्या नावाला उठ." सगळा हॉल हसला.

"बाई," पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं विचारलं, "गेल्या महिन्यात का नाही जमलं तुम्हाला?"

"दात तयार नव्हते."

"लॅबवाल्यानं घोळ घातला असणार. माझ्या वेळी असंच झालं होतं. एक नंबरचे थापाडे असतात."

बऱ्याच माना डोलल्या. सासूबाईंनी वहीतल्या नावावर बोट ठेवलं होतं ते तसंच ठेवून त्या नुसत्या थांबल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पुढचं नाव घेतलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी थोडी वाट बघितली, कारण सवय लवकर जात नाही. मग हात वर केला.

"लॅबवाला मी," मी म्हणालो. "माप चांगलं होतं. माझ्या हातून पडलं आणि मी खोटं सांगितलं."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या गृहस्थानं आपल्या कवळीवरून जीभ फिरवली.

"बस खाली," सासूबाई म्हणाल्या, आणि विसावं नाव घेतलं.

एकोणीस नंबरची खुर्ची रिकामी होती. मी जाऊन तिच्यावर बसलो.