गोंधळाची हजेरी

आमच्या सिहोऱ्याच्या डाऊटसरांच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये 'प्रेझेंट सर' म्हटलेलं चालत नसे. नाव पुकारलं की उभं राहायचं आणि काय समजलं नाही ते सांगायचं, तरच हजेरी लागायची. एखादी शहाणी म्हणाली, "सर, सगळं समजलं," तर सर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "म्हंजे तू आलीच नाही," आणि खुशाल गैरहजेरी मांडायचे. डाऊटसर हे नाव आम्हीच ठेवलेलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असा माझा संशय आहे.

एकदा मी विचारलं, "सर, शाळेत जाताना 'टू' लागते, मंग घरी जाताना काहून लागत नाही?" सरांनी हातातला खडू खाली ठेवला. "घराले वाट विचारा लागत नाही ना, म्हनून," ते म्हणाले आणि लगेच डोकं खाजवू लागले. "पन हे माह्या मनचं हाये. पुस्तक काय म्हन्ते ते उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तकातलं उत्तर सांगितलंही. ते मी साफ विसरले.

'सी', 'लुक' आणि 'वॉच' यांनी तर आमचा अख्खा आठवडा खाल्ला. शेवटी सरांनी धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, मदतीला घेतली. "रस्त्यानं जाता जाता धान दिसला, तं सी. थांबून निरखला, तं लुक. डुक्कर घुसन म्हनून राखत बसला, तं वॉच. समजलं?" आम्ही माना डोलावल्या. "मंग टाकीजमधला पिच्चर 'सी' काहून करतेत? तीन तास बसूनच पाहतेत ना?" त्यांनीच विचारलं, आणि सरांसकट सगळे पुन्हा गोंधळात पडलो.

बाबांना हे पटेना. मला इंग्रजीची शिक्षिका व्हायचं होतं, आणि तुमसरला फाडफाड इंग्रजी शिकवणारा क्लास निघाला होता. "मास्तरलेच डाऊट, तं पोरीले काय शिकवन?" ते म्हणायचे. बरोबरच्या मुली एकेक करून बसने तुमसरला जाऊ लागल्या. मलाही धास्ती वाटायचीच. सरांच्या ते लक्षात आलं असावं. "तू बी जाय, मले वाईट नाही वाटत," ते एकदा म्हणाले. मग हजेरीची वही उघडत, "पन आजचा डाऊट सांगून जाय." त्यानंतर माझ्याने जाववलं नाही.

यंदा मला शाळेत नोकरी लागली. पेढे घेऊन सरांकडे गेले, तर काकूंनी दारातच सांगितलं, "त्याईले आता मानसं ओळखू येत नाही. घरची वाट बी चुकतेत." सर खुर्चीत बसले होते. मी नाव सांगितलं, क्लासची आठवण दिली, इंग्रजीच शिकवते म्हणून सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. जी बातमी त्यांच्यासाठी जपून आणली होती, ती त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. मला रडू आलं.

मग काय सुचलं कोण जाणे, हजेरी घेताना ते पुकारायचे त्याच सुरात मी पुकारलं, "डाऊटसर."

सर खुर्चीचे हात धरून हळूहळू उभे राहिले.

"तू कोन हायेस, ते समजून नाही रायलं," ते म्हणाले.

"हजर," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातावर पेढा ठेवला.